सवाई: एका नावाचे दोन धनी

१८२४ साली कित्तूरच्या वाड्यात एका मुलाचं नाव बदललं. बाळप्पागौडांचा शिवलिंगप्पा देसाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि उठला तो सवाई मल्लसर्ज होऊन. दत्तक घेणारे शिवलिंगरुद्रसर्ज सप्टेंबरात वारले. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तकपत्रावर संशय घेतला, २३ ऑक्टोबरला तो कित्तूरच्या किल्ल्यापाशी मारला गेला, आणि डिसेंबरात किल्ला पडला. राणी चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा यांची पुढची कथा बेळगाव जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही पाठ असते. मी मात्र त्या धामधुमीत एकाच शब्दापाशी अडकलो: सवाई. मुलगा कालपरवा घरात आलेला. ना लढाई, ना कारभार. मग हा सव्वापट कशात आणि कुणाच्या?

अर्धं उत्तर सोपं आहे. मल्लसर्ज हे त्याच्या दत्तक घरातल्या आजोबांचं नाव. चन्नम्माचा नवरा, टिपूच्या कैदेतून निसटलेला, पुढे दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात अडकवून ठेवलेला आणि १८१६ साली तिथून परतताना वारलेला देसाई. म्हणजे आठ वर्षांच्या अंतराने घरात पुन्हा मल्लसर्ज आला, आणि तो दुसरा आहे हे सांगायला ‘सवाई’ लागलं. माझं म्हणणं एवढंच, पण ते मी शेवटपर्यंत सोडणार नाही: ‘सवाई’ हा मुळात शाबासकीचा किताब नव्हे. एका नावाचे दोन धनी झाले की दुसऱ्याला लावायची ती खूण आहे.

आपल्याकडे अशा खुणा पुष्कळ. आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं, आणि सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. या दोन रिवाजांची एका घरात गाठ पडली की पाळण्यातलं नाव बाजूला राहतं आणि आप्पा, आबा, दादा, तात्या सुरू होतात. निपाणीचे सरलष्कर सिधोजीराव नाईक निंबाळकर सगळ्या मुलखाला आप्पा देसाई म्हणूनच ठाऊक. ते १८३९ साली वारले आणि संस्थान खालसा झालं.

कोल्हापूरकरांनी ‘ऊर्फ’वर भागवलं: शंभू ऊर्फ आबासाहेब, त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ बावासाहेब, आणि त्यांचे चिरंजीव शिवाजी ऊर्फ बाबासाहेब. आबा, बावा, बाबा! जुनं दप्तर वाचताना एका अक्षराने राजा बदलतो. पुढे तिथे दत्तकांची रांग लागली. १८६६ साली नागोजीराव पाटणकर राजाराम झाले आणि चार वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये वारले. १८७१ साली नारायणराव गादीवर आले ते शिवाजी म्हणून, आणि १८८४ साली निपाणीशेजारच्या कागलचे यशवंतराव घाटगे शाहू झाले. नाव गादीचं, माणूस बाहेरचा. यातून एक भांडण अजून चालू आहे. १८७१चे शिवाजी कितवे? कोल्हापूरच्या गादीवरून मोजणारा चौथे म्हणतो. रायगडावरच्या शिवाजी महाराजांपासून मोजणारा पाचवे म्हणतो. दोघांचीही बेरीज बरोबर.

सांगलीकरांची गोष्ट आणखी मजेची. बेळगावला खेटून असलेलं शहापूर १९४८पर्यंत सांगली संस्थानात होतं, म्हणून ती इकडची माणसं विसरत नाहीत. १८५१ साली वारलेले चिंतामणराव पटवर्धन हे आप्पासाहेब, आणि १९०३ साली दत्तक येऊन गादीवर बसलेले चिंतामणरावही आप्पासाहेबच. ‘ऊर्फ’नेही हात टेकले, तेव्हा पहिल्यांना ‘थोरले’ म्हणावं लागलं. इंग्रजांनीही पंतप्रधान झालेल्या पिट बापलेकांना थोरला आणि धाकटा असंच वेगळं केलं. पण या खुणेत दुसरा कायम धाकटाच राहतो. ‘सवाई’ तेवढी अशी खूण आहे, की जिच्यात मागून आलेला वरचढ ठरतो. म्हणूनच तिची कुळी शोधावीशी वाटली.

कुळी जयपूरला जाते, हे कुणीही सांगेल. ती आपल्याच मुलखातून जयपूरला गेली असावी, हे सहसा कुणी सांगत नाही. औरंगजेब दक्षिणेत असताना आमेरचा कोवळा राजा त्याच्या छावणीत होता. जन्म १६८८चा. घरचं नाव विजयसिंग; बादशहाने ते बदलून जयसिंग केलं असं सांगतात. कारण उघड आहे. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग हा या पोराचा खापरपणजोबा. नाव पुन्हा आलं, तुलना आली, आणि तुलनेतून ‘सवाई’ आलं.

ते नेमकं कधी आलं, याबद्दल दोन कथा आहेत. पहिली दरबारी. बादशहाने मुलाचे दोन्ही हात धरून विचारलं, “आता काय करशील?” मुलगा म्हणाला, “लग्नात नवरा एक हात धरतो तर जन्मभर सांभाळतो. आपण तर दोन्ही धरलेत.” बादशहा खूश झाला आणि म्हणाला, हा मिर्झाराजाच्या सवाई निघेल. दुसरी कथा लढाईची. १७०१-०२मध्ये खेळण्याला, म्हणजे आपल्या विशाळगडाला, मोगलांचा वेढा पडला. त्यात हा जयसिंग लढला, त्याची मनसब वाढली, आणि किताब त्या कामगिरीचा.

मी दुसरीकडे झुकतो. हजरजबाबी पोराची कथा कुठल्याही दरबाराला चिकटते. विशाळगडाची पावसाळी चढण कुणी उगाच कल्पत नाही. पण कोणतीही कथा घ्या, दोन्हींत मिर्झाराजा हजर आहे. पहिल्या जयसिंगाशिवाय ‘सवाई’ला अर्थच उरत नाही. त्याच छावणीत संभाजीराजांचा मुलगाही नजरकैदेत होता. त्याचं पाळण्यातलं नाव शिवाजी, आणि ‘शाहू’ हे नाव बादशहाने दिलं अशी परंपरा. आजोबाचं नाव एका पोराच्या अंगावरून काढलं, खापरपणजोबाचं दुसऱ्याच्या अंगावर चढवलं. नावाची किंमत औरंगजेबाला बरोबर कळत होती.

जयपुरात पुढे ‘सवाई’ पिकली आणि वंशपरंपरेने चालली. ईश्वरीसिंगही सवाई, माधोसिंगही सवाई. निशाणावर पाव हिश्शाचं छोटं निशाण चढलं. इथे माझ्या सिद्धान्ताला पहिला धक्का बसतो, कारण ईश्वरीसिंगाच्या आधी दुसरा ईश्वरीसिंग कुठे होता? माझा जबाब असा: किताब वारसाने मिळू लागला की खुणेचा दागिना होतो. आडनावातला कुलकर्णी आज दप्तर सांभाळत नाही, म्हणून मूळचा कुलकर्णी नव्हताच असं होत नाही.

जयपूरहून पुण्याला हा शब्द कसा आला? वाट रुळलेली होती. पहिल्या बाजीरावाच्या आई राधाबाई उत्तरेच्या यात्रेत जयपूरच्या पाहुण्या होत्या. १७३६ साली बाजीराव स्वतः जयसिंगाला भेटला. पण मला गाठायचा आहे तो माधोसिंग. त्याच्या गादीसाठी मल्हारराव होळकरांच्या फौजा झुंजल्या, आणि १७५१ साली त्याच्याच शहरात मराठ्यांची कत्तल झाली. तेव्हा ‘सवाई माधोसिंग’ हे नाव पुण्याच्या फडावर रागालोभाने शेकडो वेळा उच्चारलं गेलं असणार. हा राजा १७६८ साली वारला. १८ एप्रिल १७७४ला पुरंदरावर नारायणरावांचा मुलगा जन्मला, त्याचं नाव माधवराव ठेवलं, आणि तो झाला सवाई माधवराव. माधोसिंग, माधवराव. नाव एकच, आणि पुढचा शब्दही तोच! हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

विरोधी पक्ष म्हणेल, एवढं लांब जायला नको. सवाई, सव्वा, सवाईने व्याज हे शब्द बाजारात होतेच. ‘बाप से बेटा सवाई’ ही म्हण मराठी माणूसही सर्रास म्हणतो. खरं आहे, पण म्हण बापाशी तुलना करते. पुरंदरावरचं मूल बापाच्या नव्हे, चुलत्याच्या सवाई ठरलं, आणि थेऊरला १७७२ साली वारलेल्या त्या चुलत्याचंच नाव त्याला होतं. तुलना नात्याने नाही, नावाने ठरली. शिवाय राघोबादादांच्या बाजूने हे मूल खरं की बदललेलं अशी कुजबुज चालली होती. अशा वेळी नुसतं माधवराव म्हणणं पुरेसं नव्हतं. ‘सवाई’ म्हटलं की थोरल्या माधवरावांचा अंमल खंडलाच नाही, उलट वाढला, हे एका शब्दात ठणकावता येतं.

आता पन्नास वर्षं पुढे, कित्तूर. इथे पुण्याला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे सोंद्याचे राजेही नावामागे ‘सवाई’ लावत. हैदरअलीने सोंदं घेतल्यावर ते पोर्तुगीजांच्या आसऱ्याने गोव्यात राहिले, तरी किताब सुटला नाही. सोंदं कित्तूरला जवळ, तिथली भाषाही तीच कन्नड. मग पुण्याचा हट्ट का?

कारण वापर वेगळा आहे. सोंद्यात ‘सवाई’ राजाची आहे, जो गादीवर बसेल त्याची. कित्तुरात ना शिवलिंगरुद्रसर्जाला कुणी सवाई म्हणत, ना त्याच्या बापाला. ती आली फक्त त्या मुलाला, आणि आली तीही आजोबाचं नाव घेऊन. हा साचा पुण्याचा आहे. कित्तूरकर पेशव्यांना खंडणी देत, आणि खुद्द थोरला मल्लसर्ज पुण्याच्या अटकेत दिवस काढून आला होता. प्रसंगही तोच: वारसाच्या खरेपणावर कुणीतरी बोट ठेवणार हे दिसत असताना दिलेलं नाव. पुण्यात राघोबादादा होते, कित्तुरात कंपनी सरकार होतं. दत्तकपत्रावर शंका घेता आली, नावावर कशी घेणार? १८३०च्या सुमारास रायण्णाने बंड केलं ते याच मुलाला गादीवर बसवण्यासाठी. पुण्याहून कित्तूरला शब्द पोचवणारा कागद कुणी समोर ठेवावा अशी माझी मागणी नाही. वापराचा ठसा मला कागदाइतका चालतो.

उसनवारीची कित्तूरकरांना लाज नव्हतीच. ‘सर्ज’ हेही मूळचं कानडी नाव नव्हे. फारसीतला ‘शर्झा’, म्हणजे खवळलेला सिंह, विजापूरच्या आदिलशाहीतून इकडे आला. कागलच्या घाटग्यांचा ‘सर्जेराव’ त्याच पिंजऱ्यातला. तेव्हा ‘सवाई मल्लसर्ज’ या तीन शब्दांत जयपूर-पुण्याची वाट, घरचा मल्ल आणि विजापूरचा सिंह एकत्र नांदतात.

शेवटचा साक्षीदार राजघराण्यातला नाही. धारवाडकडच्या कुंदगोळचे रामभाऊ, जन्म १८८६चा, किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. संगीत नाटकांतून गात असताना अमरावतीला दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हटलं, आणि कुंदगोळकर हे नाव मागे पडलं. का म्हटलं? कारण गंधर्व रंगभूमीवर आधीच उभा होता, नारायणराव राजहंसांचा बालगंधर्व. गादी नाही, रक्त नाही, दत्तकविधान नाही, तरी नियम तोच: पहिला गंधर्व असल्याशिवाय सवाई गंधर्व होत नाही. मल्लसर्जानंतर शंभरेक वर्षांनीही मराठी कानाला या शब्दाचं मूळ काम आठवत होतं, याहून चांगला पुरावा मी मागणार नाही.

सिद्धान्त मोडायचा असेल तर वाट मोकळी आहे. पिढीजात किताब बाजूला ठेवा आणि असा एक तरी सवाई दाखवा, ज्याच्या आधी त्या नावाचा कुणीच झाला नाही. तोवर कित्तूरच्या मुलाचा सव्वापटीचा हिशेब मी आजोबाच्या नावावरच मांडणार.