खासगीपणा ही चैन नव्हे, हक्क आहे

“आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?” डेटा प्रायव्हसीचा विषय वस्तीत काढला की हा प्रश्न हमखास येतो. आमचे उत्तर सरळ आहे. आडनाव कळताच ज्या समाजाला भाड्याची खोली नाकारली जाते, त्या समाजाने तरी हा प्रश्न विचारू नये. आपली माहिती कुणाच्या हाती पडते, यावर आपले घर, नोकरी आणि कधी कधी जीवसुद्धा अवलंबून असतो.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४७ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी माणसाची, त्याच्या घराची आणि कागदपत्रांची अवाजवी झडती घेण्यास मनाई करणारे कलम घातले. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत तशीच दुरुस्ती मांडली. बाबासाहेब ती स्वीकारायला तयार होते, पण सभागृहाने ती फेटाळली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. खासगीपणा हे उच्चभ्रूंचे खूळ आहे, हा युक्तिवादही न्यायालयाने नाकारला.

हक्क कागदावर आला. तो वापरणारे वकील कुठे आहेत?

ऑस्ट्रियाच्या मॅक्स श्रेम्सची वाटचाल यासाठी पाहावी. २०११ साली तो कायद्याचा विद्यार्थी होता. युरोपीय कायद्याचा आधार घेऊन त्याने फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली. उत्तरादाखल बाराशेहून अधिक पानांची सीडी आली. त्याने पुसून टाकलेला मजकूरही तिच्यात होता. फेसबुकचे युरोपातील मुख्यालय डब्लिनला असल्याने त्याने आयर्लंडच्या नियामकाकडे तक्रारी केल्या. स्नोडेनने २०१३ मध्ये अमेरिकेची पाळत उघड केल्यावर त्याने पुन्हा तक्रार केली. नियामकाने चौकशीला नकार दिला, तेव्हा तो न्यायालयात गेला. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी युरोपीय न्यायालयाने युरोपीय नागरिकांची माहिती अमेरिकेत नेण्याची ‘सेफ हार्बर’ व्यवस्था रद्द केली. २०२० मध्ये तिच्या जागी आलेली व्यवस्थाही रद्द झाली. दरम्यान २०१७ साली त्याने व्हिएन्नात ‘नॉयब’ ही संस्था काढली. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या त्याच नियामकाने फेसबुकच्या मूळ कंपनीला, मेटाला, १२० कोटी युरोंचा दंड ठोठावला.

श्रेम्सच्या चिकाटीला कायद्याची साथ होती. लोकांच्या वतीने संस्थेला तक्रार करता येते, आणि वंश, धर्म, राजकीय मत या माहितीला विशेष संरक्षण आहे. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदवह्यांत धर्म लिहिलेला होता. त्याच नोंदी नाझींना ज्यू शोधायला उपयोगी पडल्या. युरोप हे विसरलेला नाही.

आपल्याकडे काय झाले? २०१९ च्या विधेयकात जात व जमात ‘संवेदनशील’ माहिती होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास नागरिकाला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ)ही याच कायद्याने बदलले. शिष्यवृत्ती कुणी लाटली, निधी कुठे वळवला हे विचारणाऱ्याला ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून परत पाठवणे आता सोपे झाले आहे. म्हणजे आपली जात उघडी आणि अधिकाऱ्याची फाइल झाकलेली!

ॲट्रॉसिटीचे खटले लढणारे वकील आपण घडवले. आता डेटाचा कायदा जाणणारे वकीलही घडवले पाहिजेत. एलएलबी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा कायदा मुळातून वाचावा आणि अभ्यासवर्गात कलमागणिक समजावून सांगावा. ‘शिका’ याचा आजचा अर्थ हाही आहे.

जय भीम!