मिठाचा करार आणि गोव्याचे आगर

पणजीहून रायबंदरकडे जाणारा जुना बांधरस्ता सतराव्या शतकातला. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याने 1633–34 च्या सुमारास तो बांधला आणि त्याचेच नाव त्या रस्त्याला पडले. या रस्त्याच्या एका अंगाला मांडवीचे पात्र आहे आणि दुसऱ्या अंगाला खारट पाण्याची सपाट जमीन. या जमिनीत पिढ्यानपिढ्या मीठ पिकत असे. पेडण्यात आगरवाडा नावाचे एक गावच आहे. बार्देशात हडफडे व नागवे, तिसवाडीत मेरशी, बाती, नेवरा, आगशी ही सारी गावे एके काळी मिठासाठी सर्वश्रुत होती. आज यांपैकी बऱ्याच ठिकाणी आगराचे नाव तेवढे उरले आहे; मीठ मात्र दिसत नाही.

हे मीठ गेले कोठे? काळ बदलला, यंत्रे आली, गुजरातचे स्वस्त मीठ आले, ही उत्तरे खरी आहेत. परंतु अपुरी आहेत. गोव्याच्या आगरावर पहिला मोठा घाव पडला तो बाजारातून नव्हे, तर कागदावरून. तो कागद लिस्बन येथे 26 डिसेंबर 1878 रोजी सह्या होऊन पक्का झाला. इतिहासात त्याला इंग्रज-पोर्तुगीज तह म्हणतात. गोव्याच्या सामान्य माणसाच्या दृष्टीने मात्र तो प्रामुख्याने मिठाचा आणि माडाचा करार होता.

आगराची रीत

या कराराचा परिणाम समजावयाचा तर आधी आगर म्हणजे काय हे ध्यानात घ्यावयास हवे. गोव्याच्या नद्यांच्या काठी समुद्राच्या भरतीचे पाणी दूरवर आत शिरते. पूर्वजांनी मातीचे बांध घालून ही जमीन खाडीपासून सोडवून घेतली. या जमिनीला खाजन म्हणतात. बांधाला जागोजाग लाकडी दारे असतात, त्यांना मानस म्हणतात. भरती-ओहोटीच्या हिशेबाने ही दारे उघडतात व मिटतात. पावसाळ्यात बऱ्याच खाजनांत खारे पाणी सोसणारे भात होते, मानशीच्या तोंडाशी मासळी सापडते आणि उन्हाळ्यात काही भागांत मीठ पिकते. एकाच जमिनीच्या पोटी भात, मासळी आणि मीठ अशी तीन पिके नांदतात.

मिठाचे काम पावसाळा सरल्यावर सुरू होते. प्रथम आत साचलेले गोडे पाणी बाहेर काढावयाचे, बांध दुरुस्त करावयाचे, वाफ्यांचा तळ चिखलाने सारवून पायांनी तुडवून घट्ट करावयाचा. मग भरतीचे पाणी मोठ्या तळ्यात घ्यावयाचे, तेथून ते क्रमाक्रमाने उथळ वाफ्यांत न्यावयाचे आणि उन्हावाऱ्याने ते दाट होऊ द्यावयाचे. शेवटच्या वाफ्यात मिठाचे दाणे धरू लागले की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते हळूच काठाशी ओढावयाचे. जरा जोर झाला तर तळाची माती मिठात मिसळते. जरा उशीर झाला तर वळवाची एक सर साऱ्या हंगामावर पाणी फिरविते. हे काम पुस्तकात वाचून येणारे नव्हे. बापाने मुलाला शिकवावे, आईने लेकीला दाखवावे, असे ते काम. मिठगावडे समाजाचे तर नावच या धंद्यावरून पडले आहे.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. आगर एक वर्ष ओसाड टाकला तर पुढच्या वर्षी श्रम दुप्पट होतात. काही वर्षे टाकला तर बांध फुटतो, खारफुटी माजते आणि जमीन पुन्हा खाडीची होते. आगर हा कारखान्यासारखा कुलूप लावून ठेवता येत नाही.

घाटावरचा शेजार

हे मीठ गोव्यापुरते नव्हते. सह्याद्रीच्या वर बेळगाव, धारवाड हा मुलूख धान्याचा. खाली कोकणपट्टी मिठाची, नारळाची आणि मासळीची. लमाणांचे बैलांचे तांडे घाटवाटांनी धान्य घेऊन खाली उतरत आणि मीठ, खोबरे, सुपारी, खारी मासळी घेऊन वर चढत. राज्ये बदलली, झेंडे बदलले, तरी हा व्यवहार चालू राहिला. घाटावरच्या भाकरीला कोकणचे मीठ आणि कोकणच्या पेजेला घाटावरचे धान्य, असा हा शेजारधर्म होता.

इंग्रजांच्या दृष्टीने मात्र हे मीठ म्हणजे महसुलाला पडलेले भोक होते. हिंदुस्थानात मिठावर इंग्रज सरकारचा जबर कर होता. मुंबई इलाख्यात तो 1878 च्या सुमारास मणाला अडीच रुपये झाला होता. मीठ पिकविण्याच्या खर्चाच्या तो कितीतरी पट होता. साऱ्या देशात मिठाचा कर सारखा करावयाचा आणि अंतर्गत जकातीच्या नाकेबंद्या उठवावयाच्या, असे धोरण या काळात ठरले. उत्तरेत हजारो मैलांची जी काटेरी कुंपणाची जकातरेषा होती, ती 1879 साली उठविण्यात आली. परंतु कुंपण काढावयाचे तर कुंपणाबाहेरचे स्वस्त मीठ आधी ताब्यात घ्यावयास हवे. म्हणून राजस्थानातील संस्थानांशी मिठाचे करार झाले, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारशीही झाला, आणि पोर्तुगीजांच्या गोव्याशी हा तह झाला. ग्वाल्हेरचा आणि गोव्याचा मराठी माणूस एकाच धोरणाच्या जात्यात एकाच वेळी भरडला गेला, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

तहात काय होते

इंग्रजांच्या वतीने लिस्बनमधील त्यांचे वकील रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हु यांनी ही वाटाघाट केली. तह 1880 च्या जानेवारीत अमलात आला आणि त्याची मुदत बारा वर्षांची होती. दोन्ही मुलखांमधील जमिनीवरची जकात उठली. गोव्याच्या रुपयावर पोर्तुगालच्या राजाचा मुखवटा राहिला, पण तो पाडला जाऊ लागला कलकत्त्याच्या टांकसाळीत. मुरगावला बंदर बांधावे आणि तेथून घाटावर रेल्वे न्यावी, असेही ठरले. आणि याच्या मोबदल्यात गोव्यातील मिठाच्या उत्पादनावरचा ताबा इंग्रज सरकारकडे गेला. कोठले आगर चालू ठेवावयाचे, कोठले बंद करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना मिळाला. त्यापोटी पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळावयाचे होते.

जे आगर बंद होतील त्यांच्या मालकांना भरपाई देण्याचीही तरतूद होती. कागदावर ही न्यायाची गोष्ट दिसते. परंतु भरपाई मिळावयाची कोणाला? ज्याच्या नावावर आगर त्याला. जो उन्हात उभा राहून मीठ ओढीत होता, त्याच्या नावावर काहीच नव्हते. जी बाई डोक्यावर टोपली घेऊन मीठ राशीकडे नेत होती, तिचे नाव कोठल्या वहीत असणार? जो होडीवाला मीठ बंदरात पोचवीत होता, जो लमाण ते घाटावर नेत होता, जी कोळीण बांगडा खारविण्यासाठी मिठाची पाटी विकत घेत होती, त्या सर्वांची उपजीविका या मिठाच्या दाण्याला चिकटून होती. कायद्याला मालकी दिसली. संबंध दिसले नाहीत.

जे मीठ दाराशी पडत होते ते आता पहाऱ्याचे, परवान्याचे आणि हिशेबाचे झाले. लहान व विखुरलेल्या आगरांवर पहारा ठेवणे सरकारला खर्चाचे असते. म्हणून अशा व्यवस्थेत प्रथम बळी जातो तो लहानाचा. मोठा एक आगर सांभाळणे सोपे, लहान दहा आगर सांभाळणे कठीण. कारकुनाच्या सोयीपुढे गावाची गरज फिकी पडते. मीठ महागले की मासळी खारविणे परवडत नाही, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत गरिबाच्या पेजेशी तोंडी लावण्यास काही उरत नाही. हा नुसता तर्क नव्हे. पुढे मद्रास इलाख्यात मासळी खारविणाऱ्यांना सरकारी वाड्यांत करमुक्त मीठ द्यावे लागले, यातच मिठाच्या कराने मासळीच्या धंद्यावर काय ओढवले होते याची कबुली आहे.

माडावरचा आकार

मिठाबरोबर माडही या करारात सापडला. मुंबई इलाख्यात 1878 सालीच नवा अबकारी कायदा झाला होता. त्याच धर्तीची व्यवस्था गोव्यात आणण्याचे पोर्तुगीजांनी मान्य केले. सुर काढावयाच्या माडावर कर बसला आणि दारूच्या विक्रीला परवाना लागू लागला. आता गोव्यात सुर म्हणजे केवळ दारू नव्हे. पोदेराचा पाव सुरीने फुगत असे, सणाची सान्नां सुरीने हलकी होत, घरोघरचा व्हिनेगर तिच्यापासून बने आणि माडाचा गूळही. कायद्याने माडावरच्या दारूवर कर बसविला असे म्हणावे, तर तो पावावर, सान्नांवर आणि लोणच्यावरही पडला. दिवसातून अनेक वेळा माडावर चढणारा रेंदेर हा गावातील गरीब माणूस. त्याच्या कमरेच्या कोयत्याला आता सरकारी वहीची दोरी बांधली गेली. तहाची मुदत संपली, पण अबकारी हा शब्द आणि तो कर गोव्यात कायमचे राहिले.

लाभाची बाजू

या तहाने गोव्याचे केवळ नुकसानच झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुरगावचे बंदर उभे राहिले. रेल्वे 1887 साली सावर्ड्यापर्यंत आणि 1888 साली दूधसागरावरून कॅसलरॉकपर्यंत पोचली. गोवा, बेळगाव आणि हुबळी एका लोखंडी दोरीने बांधली गेली. गोव्याचे तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी मुंबईस, पुण्यास, बेळगावास अधिक सुलभतेने जाऊ लागले. ते पूर्वीही जात होते. पण आता वाट रुंद झाली. मात्र जाणाऱ्यांपैकी कोण हौसेने गेला आणि कोण घरचा धंदा बुडाल्यामुळे गेला, याचा हिशेब रेल्वेच्या तिकिटावर छापलेला नसतो. आणि ज्या आगगाडीने माणसे नेली, तिनेच लमाणांच्या बैलांची घाटवाट ओस पाडली.

तहाची मुदत 1892 च्या जानेवारीत संपली आणि तो पुढे चालू राहिला नाही. घाटावर जकातीची चौकी पुन्हा बसली. गोव्याचे आगर मोकळे झाले खरे. पण घाटावरची गिऱ्हाइके आता सीमेपलीकडे होती आणि वाटेत कर उभा होता. बारा वर्षे म्हणजे एक मूल बालपणातून तारुण्यात येण्याचा काळ. ज्या घरातील मुलाने या काळात फळी हाती घेतली नाही, त्या घरची विद्या तेथेच थांबली.

तेरेखोलच्या पलीकडे

गोव्याच्या सीमेवरच, तेरेखोलच्या पलीकडे, शिरोडे हे गाव आहे. कादंबरीकार वि. स. खांडेकर तेथे बरीच वर्षे शिक्षक होते. तेथेही मिठागरे होती. 1930 च्या मे महिन्यात याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. दांडीची हाक कोकणात इतकी खोल पोचली, याचे कारण येथल्या लोकांना मिठाचा कायदा म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. आपल्या अंगणातले मीठ उचलणे गुन्हा ठरतो, हा अनुभव दोन पिढ्यांचा होता. अखेरीस 1947 साली मीठकर उठला.

यानंतरही आगराची आणि कायद्याची गाठ पडलीच. गलगंडासारखे विकार टाळण्यासाठी खाण्याच्या मिठात आयोडीन असलेच पाहिजे, असा नियम देशभर 1998 साली लागू झाला; तो 2000 साली मागे घेतला गेला आणि 2006 साली पुन्हा आला. या नियमाचा हेतू आणि 1878 च्या कराराचा हेतू यांची तुलना होऊच शकत नाही. एक तिजोरी भरण्यासाठी होता. दुसरा मुलांची बुद्धी व आरोग्य राखण्यासाठी. तरीसुद्धा परिणाम भोगणारा हात तोच होता. आयोडीन मिसळण्याचे यंत्र लहान आगरवाल्याला परवडणारे नव्हते. त्याचे जाडे मीठ खाण्यासाठी म्हणून विकता येईना. मग ते माडाच्या मुळाशी घालण्यासाठी किंवा मासळी खारविण्यासाठी तेवढे उरले.

यावरून कायदे करूच नयेत असे कोणी म्हणणार नाही. कायद्यावाचून समाज चालत नाही आणि चांगल्या कायद्याने गरिबाचे रक्षणही होते. परंतु 1878 चा तह एक गोष्ट शिकवितो. कायदा लिहिणारा ज्यांची नावे वहीत आहेत त्यांचाच विचार करतो. आणि धंदा मात्र बहुतेक वेळा ज्यांची नावे वहीत नाहीत त्यांच्या खांद्यावर उभा असतो. भरपाई द्यावयाची तर ती मालकापाशी थांबू नये. नवा नियम लावावयाचा तर तो पाळण्याचे साधन लहानातल्या लहानाच्या हाती आधी द्यावे. आमटीत मीठ किती हे मोजून दिसत नाही. ते नसले म्हणजेच कळते. गावातील लहान धंद्यांचेही तसेच आहे.