श्वासाची शेजपाळी

इंजिनाच्या इतिहासाकडे मी वळलो तो कालव्यामुळे. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून 208 किलोमीटर वाहत आमच्या परभणी जिल्ह्यात येतो. धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 साली धरण पूर्ण झाले. टेलच्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र जुनाच आहे : आवर्तन सुटले, पण पाणी माझ्या बांधापर्यंत येईल का?

मोटारीच्या इंजिनातही असा एक कालवा असतो. बाहेरची हवा आत घेऊन ती प्रत्येक सिलिंडरला वाटणाऱ्या नळ्यांना इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. एकाच कार्ब्युरेटरवर चार-सहा सिलिंडर चालत, तेव्हा एकाला पेट्रोल जास्त आणि दुसऱ्याला कमी, हे नित्याचेच होते. शर्यतीच्या गाड्यांना म्हणून अनेक कार्ब्युरेटर बसवले जात.

1960 साली अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने वेगळी वाट धरली. तिने सुमारे 30 इंच लांबीच्या नळ्या बसवल्या. सिलिंडरने हवा ओढली की नळीत दाबाची लाट उठते. ती उघड्या तोंडावरून परतते आणि झडप मिटण्याआधी पोचली, तर जास्तीची हवा आत ढकलते. लांब नळी कमी फेऱ्यांना मानवते, आखूड नळी जास्त फेऱ्यांना. बासरीची लांबी सूर ठरवते, तसेच हे.

आपल्याकडे हे गणित विद्यार्थ्यांनी हातात घेतले. विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘ओरायन रेसिंग इंडिया’ हा संघ जर्मनीतील फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरला आहे. या स्पर्धेच्या पेट्रोल गाड्यांना एक कडक नियम आहे : इंजिनाची सारी हवा 20 मिलिमीटरच्या एकाच छिद्रातून गेली पाहिजे. तिथे हवेने ध्वनीचा वेग गाठला की कितीही ओढा, सेकंदाला साधारण 74 ग्रॅमच्या वर ती येत नाही. म्हणजे आवक ठरलेली. कौशल्य उरते ते वाटपात.

छिद्रापुढे हळूहळू रुंदावणारी नळी, मग हवेची टाकी आणि तिथून प्रत्येक सिलिंडरला एकेक फाटा. मिनिटाला 10,000 फेऱ्या होत असतील, तर प्रत्येक सिलिंडरची पाळी मिनिटाला 5,000 वेळा येते. इथे कालव्याची उपमा उलटते. टोकाकडून शिरलेली हवा आपल्याच वेगात जवळचे फाटे ओलांडते, आणि अनेकदा टेलच्या सिलिंडरला जास्त मिळते. म्हणून टाकी पुढे निमुळती करतात, फाट्यांची तोंडे गोलवतात आणि पुन्हा मोजतात.

शेजपाळीत टेलपासून सुरुवात करावी, असे आपले पाटबंधाऱ्याचे जाणकार सांगतात. दोन्हीकडे शहाणपण एकच : वाटप आपोआप समान होत नाही, ते मुद्दाम घडवावे लागते. विद्यार्थी प्रत्येक सिलिंडरची हवा वेगवेगळी तपासतात. कालव्यावर तेवढी मोजणी प्रत्येक फाट्याला झाली, तर टेलच्या शेतकऱ्याला आपल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत तरी मिळेल.