‘सेट’ : तीन अक्षरांचा संसार

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला लांबलचक शब्दांची धास्ती वाटते. असा शब्द पुढे आला की तो त्याचे स्पेलिंग दहा वेळा घोकतो, अर्थ पाठ करतो आणि एकदाचा निर्धास्त होतो. त्याचा हा निर्धास्तपणा अगदीच खोटा नव्हे. कारण लांब शब्द बहुधा एकाच अर्थाशी इमान राखून असतो. खरी फसगत करतात ते दोन-तीन अक्षरांचे शब्द. ते पहिल्याच इयत्तेत भेटतात, ओळखीचे होतात आणि पुढे बहुरूप्याप्रमाणे प्रत्येक पानावर निराळे सोंग घेऊन उभे राहतात. या बहुरूप्यांचा म्होरक्या म्हणून ज्याची फार दिवस ख्याती होती, तो शब्द म्हणजे ‘सेट’. एस, ई आणि टी एवढाच त्याचा देह. परंतु त्याचे अर्थ नोंदवताना थोर थोर कोशकारांची दमछाक झाली. ती हकीकत इंग्रजी भाषेइतकीच मनुष्याच्या भाषाव्यवहारावरही प्रकाश टाकणारी आहे.

या शब्दाचे मूळ मात्र अत्यंत साधे आहे. प्राचीन इंग्रजीत ‘सित्तन’ म्हणजे बसणे आणि ‘सेत्तन’ म्हणजे बसवणे. पहिल्याचे आज ‘सिट’ झाले, दुसऱ्याचे ‘सेट’. मूळ धातू आणि त्याचे प्रयोजक रूप यांचेच हे नाते होय. संस्कृतातील ‘सद्’ या धातूची ‘सीदति’ आणि ‘सादयति’ ही रूपे याच जातीची. लॅटिनमधील ‘सेदेरे’ हेही त्याच कुळातले. आपल्याकडील सदन, परिषद, संसद, सभासद हे सारे शब्द या ‘सद्’पासूनच निघाले आहेत. तेव्हा सभेतला सदस्य आणि इंग्रजांचा ‘सेट’ हे दूरचे का होईना, पण भाऊबंद ठरतात.

एखादी वस्तू तिच्या जागी बसवणे एवढ्या मूळ अर्थावर ‘सेट’चा संसार सुरू झाला. मोडलेले हाड वैद्य ‘सेट’ करतो. आपल्याकडेही हाड बसवतात. सोनार कोंदणात हिरा ‘सेट’ करतो. आपणही तो बसवतोच. शेतकऱ्याची बायको अंड्यांवर कोंबडी ‘सेट’ करते, आणि कोकणातली गृहिणीही कोंबडी बसवते. कवितेला चाल लावणे यासाठी इंग्रजीत ‘सेट’ हाच शब्द आहे, आणि मराठीतही चाल बसवतात, नाटक बसवतात, विस्कटलेली घडी बसवतात. या दोन भाषांनी एकमेकींची नक्कल केलेली नाही. आपले ‘बसणे’ ‘उपविश्’पासून ‘बैसणे’ होत आले. त्याचा ‘सद्’शी संबंध नाही. तरीही दोन्ही शब्द इतकी वाट बरोबर चालले, कारण हाड, हिरा आणि कोंबडी जागेवर बसवणारा मनुष्याचा हात सर्वत्र सारखाच आहे.

पुढे मात्र वाटा फुटतात. जी वस्तू एकदा बसली ती हलत नाही, या कल्पनेतून ‘सेट’ला घट्ट होण्याचा अर्थ आला. म्हणून ओले सिमेंट ‘सेट’ होते आणि हट्टी म्हाताऱ्याची मतेही ‘सेट’ होतात. जे हलत नाही ते ठरलेले, म्हणून ठरवलेली वेळ, नेमलेले पुस्तक, बांधलेली किंमत यांनाही हाच शब्द लागू पडला. कामासाठी वस्तू सज्ज करून ठेवणे हा तिसरा फाटा. शिकारी सापळा ‘सेट’ करतो, खलाशी शीड, न्हावी वस्तऱ्याची धार, सुतार करवतीचे दाते, कंपॉझिटर छापखान्यातील खिळे, आणि शिक्षक प्रश्नपत्रिका. मराठीत यांपैकी एकही गोष्ट बसवली जात नाही. सापळा लावायचा, शीड उभारायचे, खिळे जुळवायचे, प्रश्नपत्रिका काढायची आणि किंमत ठरवायची, अशी प्रत्येक कामाला आपली क्रियापदे निराळी आहेत. आपल्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी येथेच होते. एका शब्दाला एकच प्रतिशब्द पाठ केला म्हणजे काम भागले, असे तो समजतो आणि पहिल्याच परिच्छेदात आपटतो.

सूर्यास्ताचा अर्थ तर याहूनही मनोरम आहे. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेत्लगांग’ म्हणत. ‘सेत्ल’ म्हणजे आसन आणि ‘गांग’ म्हणजे जाणे. दिवसभर चालून थकलेला सूर्य संध्याकाळी आपल्या आसनाकडे जातो, ही त्यामागची कल्पना. आज ‘सनसेट’ म्हणणाऱ्याच्या मनात ती नसते. परंतु शब्दाने ती आपल्या पोटात जपून ठेवली आहे.

एवढ्यावरच हे प्रकरण संपते तर कोशकार सुखी झाले असते. परंतु ‘सेट’ नावाचा दुसराही एक शब्द इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘सेक्ता’ म्हणजे एका गुरूच्या मागे जाणारा पंथ. फ्रेंचच्या मुखातून त्याचे ‘सेत’ झाले आणि इंग्लंडात समूह या अर्थाने ते रुळले. त्याचा उच्चार देशी ‘सेट’शी जुळला आणि दोन नद्यांचे पाणी एक झाले. चहाच्या कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट, आपसांत ऊठबस असणाऱ्या श्रीमंत मंडळींचा सेट, असे अर्थ या संगमातून निघाले. टेनिसच्या खेळातील सेट शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकातही आढळतो. पुढे नाट्यगृहातील देखाव्याला आणि चित्रपटाच्या कृत्रिम वाड्याला हेच नाव मिळाले. गणितज्ञांनी आपल्या संचासाठी तेच उचलले. आणि ज्या यंत्रातून भाषणे श्रोत्यांच्या कानी पडतात, तोही रेडिओ सेटच झाला. मराठी माणसाने हे शेवटचे काही अर्थ घरात घेतले, पण मूळ क्रियापद मात्र बाहेरच ठेवले.

आता कोशकारांकडे वळू. सॅम्युएल जॉन्सन याने १७४७ मध्ये आपल्या नियोजित कोशाची योजना प्रसिद्ध केली. इंग्रजी भाषेला स्थिर रूप द्यावे, तिचे शब्द आणि अर्थ कायमचे निश्चित करून टाकावेत, अशी त्या वेळी त्याची उमेद होती. १७५५ मध्ये कोश बाहेर पडला तेव्हा प्रस्तावनेत त्याने ही आशा फोल ठरल्याचे मोकळेपणाने मान्य केले. ज्या शब्दांनी त्याला विशेष छळले, त्यांत मोठे शब्द नव्हते. ‘सेट’, ‘पुट’, ‘रन’, ‘टेक’ अशी रोजची क्रियापदे होती. एकट्या ‘टेक’ला त्याने १३४ अर्थ दिले, तरी आपण सारे काही सांगितले असे त्याला म्हणवेना.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १८५७ मध्ये, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत रिचर्ड ट्रेंच याने तत्कालीन कोशांच्या उणिवांवर निबंध वाचले. कोशकार हा भाषेचा न्यायाधीश नव्हे, इतिहासकार आहे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. शब्द चांगला की वाईट हे त्याने ठरवू नये. तो केव्हा जन्मला, कसा वाढला आणि त्याने कोणते अर्थ टाकले, एवढे पुराव्यानिशी सांगावे. यातूनच पुढे ऑक्सफर्डचा महाकोश उभा राहिला. पुरावा गोळा करण्यासाठी सामान्य वाचकांना आवाहन करण्यात आले. शेकडो स्वयंसेवक जुनी-नवी पुस्तके वाचून, एकेका शब्दाचा प्रयोग कागदाच्या चिठ्ठीवर ग्रंथाचे नाव आणि साल यांसह उतरवून पाठवू लागले.

१८७९ मध्ये या कोशाची सूत्रे जेम्स मरे याच्या हाती आली. तो स्कॉटलंडमधील एका शिंप्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली होती, आणि स्वकष्टाने शिकून तो लंडनजवळच्या मिल हिल येथील शाळेत मास्तर झाला होता. त्याच्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांचे वजन सुमारे दोन टन भरले. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, तर दुसऱ्यात जिवंत उंदरीण आपल्या पिलांसह बिऱ्हाड करून होती. या कागदांसाठी मरेने लोखंडी पत्र्याचे एक दालन उभारले आणि त्याच्या भिंतींना खणांनी भरून काढले. चिठ्ठ्या लावण्याच्या कामात त्याची मुलेही खाऊच्या पैशांसाठी राबत. दहा वर्षांत कोश पुरा होईल असा करार होता. पण पाच वर्षे उलटली तेव्हा, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला तो ‘अँट’ म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत. कामाची गतीही मुंगीचीच होती.

‘सेट’ हा शब्द वाट्याला आला तो हेन्री ब्रॅडली या दुसऱ्या संपादकाच्या. हाही स्वयंशिक्षित गृहस्थ. शेफील्डच्या चाकू-कात्र्यांच्या एका पेढीत त्याने सुमारे वीस वर्षे कारकुनी केली होती. चिठ्ठ्यांचे गठ्ठे पुढे घेऊन बसायचे, प्रत्येक चिठ्ठीवरचे वाक्य वाचायचे, त्यात शब्दाने नेमके कोणते काम केले आहे ते ओळखायचे आणि सारख्यांची एक रास घालायची, ही या कामाची रीत. मग प्रत्येक राशीतील चिठ्ठ्या सालवारीने लावायच्या, आणि कोणता अर्थ कोणत्या अर्थाच्या पोटी जन्मला याची वंशावळ जुळवायची. एखादी चिठ्ठी दोन राशींच्या मध्येच उभी राहते. अशा वेळी कोशकाराचे ज्ञान नव्हे, त्याचा धीर पणाला लागतो. ब्रॅडलीने ‘सेट’ या क्रियापदाचे १५४ मुख्य विभाग केले. त्यांनी कोशाची अठरा पाने व्यापली. शेवटचा विभाग ‘सेट अप’ या जोडशब्दाचा. त्याच्या पोटभेदांना इंग्रजीतील सव्वीस अक्षरे पुरली नाहीत. म्हणून अक्षरांच्या जोड्या करून पुन्हा आरंभापासून मोजत ‘आर’च्या जोडीपर्यंत जावे लागले.

१९१५ मध्ये मरे वारला आणि १९२३ मध्ये ब्रॅडली. १९२८ मध्ये ४,१४,८२५ शब्दांचा हा कोश पुरा झाला, तो पाहण्यास दोघांपैकी कोणीही उरला नव्हता. १९८९ मध्ये वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ‘सेट’चे ४३० अर्थ भरले, आणि केवळ त्यांच्या विवरणाला सुमारे ६०,००० शब्द लागले. एवढ्या मजकुरात एक लहानशी कादंबरी लिहून होते.

तथापि म्होरकेपण कोणाचेच कायम राहत नाही. तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेक शब्द नव्याने तपासला जाऊ लागला, तेव्हा २००० मध्ये ‘मेक’ने आणि २००७ मध्ये ‘पुट’ने आघाडी घेतली, २०११ मध्ये ‘रन’ने सर्वांना मागे टाकले. ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले, आणि त्या एका शब्दासाठी संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने खर्ची पडले. या चढाओढीचे एक कारण यंत्रयुगात आहे. आगगाडी, घड्याळ, कारखाना, संगणक हे सारे इंग्रजीत ‘धावू’ लागले आणि प्रत्येक नव्या यंत्राने जुन्या क्रियापदाला नवे काम दिले. मराठी माणूस मात्र अधिक सबुरीचा असावा. त्याचे यंत्र धावत नाही, चालते. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो आणि खोटे नाणेही कधी कधी चालून जाते.

अर्थांच्या या आकड्यांचे अप्रूप वाटले, तरी ते खानेसुमारीचे आकडे नव्हेत. एक कोशकार जेथे दोन अर्थ पाहतो तेथे दुसऱ्याला एकच दिसेल. आकड्यांहून महत्त्वाची गोष्ट अशी की, यांतील बहुतेक अर्थ पंडितांनी घडवलेले नाहीत. खलाशी, सुतार, सोनार, कोंबड्या पाळणाऱ्या बाया यांना नव्या कामासाठी शब्द हवा होता. नवा घडवायला सवड नव्हती, म्हणून हाताशी होता तोच त्यांनी वापरला. पंडित चिठ्ठ्या घेऊन त्यांच्या मागून गेले, इतकेच.

मराठीचेही असेच आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने रचलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. त्याची दुसरी आवृत्ती ट्रेंचच्या निबंधांच्याच वर्षी, १८५७ मध्ये, मुंबईस प्रसिद्ध झाली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यांत ‘बसणे’, ‘लागणे’, ‘पडणे’ ही पाने उघडून पाहणाऱ्याला ‘सेट’चे नवल वाटणार नाही. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, हात बसतो, आठवड्याचा बाजार बसतो, आणि मंदी आली की तोच बाजार पुन्हा निराळ्या अर्थाने बसतो. परभाषिकाला हे शिकवताना जी तारांबळ उडेल, तीच आपल्या मुलांची ‘सेट’पाशी उडते.

म्हणून लहान शब्दाचा अर्थ विचारणाऱ्या विद्यार्थ्याला एक प्रतिशब्द देऊन परत पाठवू नये. तो शब्द कोणत्या वाक्यात भेटला, हे आधी विचारावे. मरे आणि ब्रॅडली यांनी आयुष्यभर दुसरे काही केले नाही. जॉन्सनला सारी भाषा जागच्या जागी बसवायची होती; पण ज्या शब्दाचा अर्थच ‘बसवणे’ असा आहे, तो शब्ददेखील त्याला एका जागी बसवता आला नाही. बोलणारी माणसे जोवर कामाला जात आहेत, तोवर तो तसा बसणारही नाही.