आसडी (जखमेत अळ्या पडणे)

माशीच्या अळ्या जिवंत प्राण्याच्या मांसात वाढून जखम पोखरतात, या विकाराला मराठी पशुपालक आसडी पडणे किंवा किडे पडणे म्हणतात; वैद्यकातील संज्ञा मायासिस. भारतात याला मुख्यतः कारणीभूत असलेली क्रायसोमिया बेझियाना ही माशी उघड्या जखमेच्या कडेला एका वेळी सुमारे १५० ते २०० अंडी घालते, ती १२ ते २४ तासांत फुटतात आणि अळ्या श्वसनरंध्रांचे मागचे टोक वर ठेवून जिवंत मांसात डोक्याकडून शिरतात. पाच-सात दिवसांत वाढ पुरी झाली की त्या खाली गळून मातीत कोश करतात.

सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा या खिल्लार बैलांच्या पट्ट्यात जुवाने सोललेला खांदा आणि लाळ्या-खुरकुताने चिघळलेले खूर ही आसडीची नेहमीची ठिकाणे होत. कुत्र्यात गोचिडांनी फोडलेला कान किंवा मानेवरचा चावा अधिक धोक्याचा, कारण तेथे जीभ पोहोचत नाही आणि केसांखालची जखम उग्र दर्प सुटेपर्यंत मालकाच्या ध्यानातही येत नाही.

उपचारात प्रथम भोवतालचे केस कापतात. गुरांच्या जखमेत टर्पेंटाईनचा बोळा ठेवल्यास गुदमरलेल्या अळ्या वर येतात व चिमट्याने वेचता येतात; कुत्र्या-मांजरांत मात्र हे तेल कातडी जाळते आणि चाटल्यास विषबाधा करते, म्हणून त्यांच्या खोल जखमा पशुवैद्यकाने भूल देऊन साफ करणेच योग्य. नंतर पोव्हिडोन आयोडीनच्या पातळ द्रावणाने जखम धुऊन मृत मांस काढतात. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन (किलो वजनामागे सुमारे २०० मायक्रोग्रॅम) उरलेल्या अळ्या मारते, परंतु कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत साचते व ही मात्राही जिवावर बेतू शकते. फिनाईल, रॉकेल व पेट्रोल जखमेत ओतण्याची रीत क्रूर आहे, शिवाय निरुपयोगीही, कारण वरच्या अळ्या मेल्या तरी पोखरलेले मांस जळून जखम अधिक खोल होते. बार्शी भागात सहज मिळणाऱ्या सीताफळाच्या बियांची पूडही जपूनच वापरावी लागते. ती कीटकनाशक असली तरी डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करते.

एकदा वेचून काम संपत नाही. खोल कप्प्यांतील अळ्या पुढच्या दिवशी वर येतात, म्हणून जखम भरेपर्यंत ती रोज उघडून पाहावी, तिच्या कडेला माशीरोधक मलम लावावे आणि वेचलेल्या अळ्या मातीत न टाकता उकळत्या पाण्यात माराव्यात.