माणशी अर्धा एकर

मे २०२० मध्ये ऑकलंडकरांवर पाण्याचे निर्बंध आले. घराबाहेर नळीने पाणी वापरायचं नाही, गाडी धुवायची नाही. १९९४ नंतर शहराने असं काही पाहिलं नव्हतं. आमच्या सँडरिंगहॅममध्ये तर लोकांना हे खरंच वाटेना. वर्षाला अकराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारं हे शहर, आणि हा भाग एकेकाळी चक्क दलदलीचा. कॅबेज ट्री स्वॉम्प हेच त्याचं जुनं नाव.

तेव्हा माझ्या लेकीने विचारलं, "बाबा, तुझ्या आजीच्या गावाला पाणी संपलं तर काय करायचे?" माझं आजोळ पुरंदर तालुक्यातलं. उत्तर द्यायला बसलो आणि थेट १९७२ च्या दुष्काळात जाऊन पोचलो.

पुरंदर पुण्याला लागूनच. पण सह्याद्रीवर पाऊस रिकामा झाला की पूर्वेकडे उरतो तो शिंतोडा. तालुक्याच्या पूर्व भागात पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष चांगलं म्हणायचं. महात्मा फुल्यांच्या घराण्याचं खानवडी याच तालुक्यात. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावं, असं फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ सालीच सुचवलं होतं. पुढची नव्वद वर्षं ते बहुतेक कागदावरच राहिलं.

१९७२ ला पाऊस पार दगा देऊन गेला. आजी खडी फोडायला जायची आणि कामावर मिळणारी सुकडी पोरांसाठी पदरात बांधून आणायची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. उपासमार टळली, हे त्या योजनेचं मोठं श्रेय. पण फोडलेल्या खडीने पुढच्या वर्षीचा दुष्काळ टळणार नव्हता.

हेच पुण्यातले एक अभियंता-कारखानदार, विलासराव साळुंखे यांना खटकलं. पत्नी कल्पनाताईंसह त्यांनी पुरंदरमध्ये काम सुरू केलं, १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन केलं आणि नायगावात देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याला पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खणली आणि तिचं पाणी उपसून वरच्या शेताला दिलं. माळावर धान्य आलं. गावकरी बघायला येऊ लागले.

इथवरची गोष्ट बऱ्याच गावांची आहे. साळुंख्यांचं वेगळेपण पुढच्या प्रश्नात आहे : साठवलेलं पाणी कुणाचं? ज्याची जमीन जास्त, ज्याचा पंप मोठा, त्याचंच, ही आपल्याकडची रीत. पाणी पंचायतीने ती मोडली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजना एकट्यादुकट्यासाठी नाही, गटासाठीच. खर्चातला वीस टक्के वाटा शेतकऱ्यांनी आधी स्वतः उभा करायचा. पन्नास टक्के सरकारी अनुदान, उरलेले तीस टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज. पाणी वाटायला गटाचा पाटकरी.

उसाची बंदी वाचून आज कुणाला जाचक वाटेल. पण एक एकर उसाला लागणाऱ्या पाण्यात ज्वारी-बाजरीचे कितीतरी एकर निघतात. एकाच्या उसापायी बाकीच्यांनी पुण्या-मुंबईची वाट धरायची का, हा तो हिशेब होता.

पाणी पंचायती पुरंदरमधल्या आणि आसपासच्या अनेक गावांत झाल्या, पण सगळ्या टिकल्या नाहीत. वीज, पंपदुरुस्ती, गटातले रुसवेफुगवे, आणि उसाचा मोह तर कायमचाच. साळुंखे २००२ मध्ये गेले. २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा कायदा केला, पण तो उभा आहे लाभक्षेत्रातल्या जमीनधारकांवर. भूमिहीनाचा वाटा त्यात आला नाही.

गरीब भागाचा विकास म्हटलं की आपण किती कोटी, किती धरणं, किती हेक्टर असं मोजत जातो. वाटपाचा प्रश्न मागाहून सोडवू म्हणतो, आणि तोवर मोठ्या पंपांनी तो परस्पर सोडवलेला असतो. नायगावने वाटपाचे नियम आधी ठरवले, पाणी नंतर सोडलं. योजनेचा हा क्रमच मला तिथली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

लेकीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग पणजीला पाणी मिळालं?" नाही मिळालं. आमच्या गावात पंचायत झालीच नाही आणि पणजीच्या नावावर जमीनही नव्हती. पण नायगावच्या नियमाने तिचाही अर्धा एकर धरला असता, एवढं मी तिला सांगितलं.