दक्षिणा, नादारी, हक्क : शिष्यवृत्तीची दोनशे वर्षं



आजचा विषय शिष्यवृत्तीचा इतिहास. विषय रुक्ष वाटेल, म्हणून सुरुवात आपल्या भंडाऱ्याच्या शेतापासून करतो. कॉलेजचे प्रवेश सुरू होतात तेव्हा आपल्याकडे रोवणीची धांदल असते. बियाणं, खत, रोवणीच्या बायांची मजुरी, घरातला सगळा पैसा बांधीत गेलेला असतो. धान हाती येतं दिवाळीच्या आगेमागे, आणि खरेदी केंद्रावरचे चुकारे त्याच्याही नंतर. म्हणजे ज्या महिन्यात फी भरायची, नेमका त्याच महिन्यात घरात पैसा नसतो. पोरगं हुशार आहे की नाही हा प्रश्नच नाही. पैसा आणि पंचांग यांचा मेळ बसत नाही, एवढंच.

ही तफावत कुणी भरून काढायची, आणि कोणत्या नात्याने? उपकार म्हणून, बक्षीस म्हणून, की देणं म्हणून? महाराष्ट्राने या प्रश्नाची वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरं दिली. ती त्या त्या काळाच्या शब्दांतच सापडतात.

पहिला शब्द दक्षिणा. पुण्यात श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी ती सुरू केली आणि पुढे पेशव्यांनी चालवली. १८१८ मध्ये राज्य गेलं, पण एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षाला पन्नास हजारांची मर्यादा घालून ती चालू ठेवली. या निधीतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये काही सुधारक मंडळींनी अर्ज केला, की यातला काही पैसा चांगल्या मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वापरावा. सनातनी खवळले. तेव्हा अर्जदारांच्या पाठीशी माणसं घेऊन उभा राहिला तो बावीस वर्षांचा जोतीराव फुले. पुढे याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे विद्यार्थिदशेत दक्षिणा फेलो होते.

म्हणजे धर्मादायाचा पैसा हळूहळू शिक्षणाचा पैसा झाला. ही मोठीच गोष्ट. पण पैसा फिरत होता तो ज्यांच्या घरी आधीच पाटी-पेन्सिल पोचली होती त्यांच्यातच.

हे नेमकं कुणी पकडलं, तर पुन्हा जोतीरावांनीच. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षणाबद्दल ते काय म्हणाले हे आपण नेहमी सांगतो; शिष्यवृत्तीबद्दल काय म्हणाले ते फारसं सांगत नाही. त्यांचा मुद्दा असा होता : चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्त्या वाटणं वरवर न्याय्य दिसतं, पण त्याने शिक्षण पसरत नाही. ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे, त्यांनाच त्या मिळत राहतात. ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या ठेवा. बघा, गुणवत्ता आणि गरज यांचा वाद आजही संपलेला नाही. त्याची मांडणी आपल्याकडे एका माळ्याच्या पोराने तेव्हाच करून ठेवली होती.

दुसरा शब्द नादारी. आज तरुणांना तो माहीत नसेल. नादार म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. शाळेत फी माफ झाली की ‘नादारी मिळाली’ म्हणत. नादारी मिळायची, पण त्यासाठी आधी नादार असल्याचं मास्तरांपुढे, वर्गापुढे कबूल करावं लागायचं. मदत आणि मानहानी एकाच हाताने.

याच काळात आपल्याकडे दोन राजे वेगळं काही करत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली. निरनिराळ्या जातींच्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय केली. फी माफ झाली तरी मुलगा रात्री झोपणार कुठे आणि खाणार काय, हा प्रश्न त्यांना कळला होता. बडोद्याला सयाजीराव गायकवाड होते. त्यांनी भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला एल्फिन्स्टन कॉलेजात असताना दरमहा २५ रुपये दिले, आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. अट होती, परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची.

या गोष्टीचा पुढचा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुन्हा जाता आलं ते १९२० मध्ये. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, अशी जुळवाजुळव करून. राजा उदार होता, याबद्दल शंका नाही. पण उदारतेला मुदत असते, आणि मुदत संपली की विद्यार्थी बोटीवर.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एवढंच एक तत्त्वज्ञानातलं सांगतो. कांटने कर्तव्यांचे दोन प्रकार केले. एक दानासारखं : करणं चांगलं, पण कुणाला, किती, केव्हा हे देणाऱ्याच्या मर्जीवर. दुसरं कर्ज फेडण्यासारखं : ठरलेलं, ठरलेल्या माणसाला, ठरलेल्या वेळी. दक्षिणा, नादारी, राजाची शिष्यवृत्ती ही सगळी पहिल्या प्रकारातली. प्रश्न असा, की ती दुसऱ्या प्रकारात कधी आली?

माझं उत्तर आहे, १९४४ मध्ये. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४२ मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं आणि त्यात उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी, सरकारी पैसा मागितला. १९४४ मध्ये भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती अनुसूचित जमातींनाही मिळाली. ज्याची स्वतःची शिष्यवृत्ती मध्येच संपली होती, त्या माणसाने दुसऱ्यांसाठी ती सरकारच्या अंदाजपत्रकात नेऊन बसवली. योगायोग बघा, त्याच १९४४ मध्ये अमेरिकेत रूझवेल्टने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा केला : फी सरकारची आणि वर निर्वाहाला पैसा. तिथल्या गावोगावच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत गरीब मुलं शिकतात, त्यांच्यासाठीचं ‘पेल अनुदान’ आलं १९७२ च्या कायद्याने. म्हणजे या एका बाबतीत, कागदावर तरी, आपण अमेरिकेच्या मागे नव्हतो.

भंडाऱ्याचा बाबासाहेबांशी संबंध आपण जाणताच. १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक त्यांनी इथूनच राखीव जागेवर लढवली आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, आणि १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने फीमाफीची सवलत काढली. तिसरा शब्द आला : ई.बी.सी. जात न बघता, उत्पन्न बघून फी माफ. सुरुवातीच्या वर्षांत उत्पन्नाची मर्यादा १२०० रुपयांवर आली आणि शेतकऱ्यांची मुलं मोठ्या संख्येने कॉलेजात दिसू लागली. त्याच सुमारास मनोहरभाई पटेलांच्या गोंदिया एज्युकेशन सोसायटीने आपल्या भागात कॉलेजं काढली. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून काम झालं. कॉलेज जवळ नसेल तर फीमाफीचा उपयोग नाही, आणि फी झेपत नसेल तर जवळच्या कॉलेजचा उपयोग नाही.

आज काय आहे? अनुसूचित जाती-जमातींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. जुन्या ई.बी.सी.च्या जागी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना, मर्यादा आठ लाख. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना. निर्वाह भत्त्यासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची. २०२४ पासून मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ. अर्ज बहुतेक महाडीबीटीवर. नावं बघा : शाहू, आंबेडकर, पंजाबराव. आपला सगळा इतिहास पोर्टलवर मांडलेला आहे.

मग बिघडतं कुठे? तारखेत. माझ्या वर्गात लाखांदूरकडचा एक मुलगा होता. बापाची दोन एकर धानाची जमीन. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण कॉलेजने परीक्षेचा फॉर्म बाकी फीसाठी अडवला. तो नागपूरला कामाला गेला. पैसे खात्यात जमा झाले ते परीक्षा होऊन गेल्यावर. मला भेटायला आला तेव्हा हसत म्हणाला, ‘सर, पैसे आले.’ त्यावर मला काही बोलता आलं नाही. सरकारी हिशेबात तो आजही लाभार्थी आहे.

म्हणून मी म्हणतो, ज्या हक्काला तारीख नाही तो पुन्हा दक्षिणा होतो. देणाऱ्याच्या सवडीने मिळणारी. मधल्या काळात मुलाला कुणाच्या तरी पुढे हात पसरावा लागतो : सावकार, नातेवाईक, नाहीतर कॉलेजचा बाबू. म्हणजे नादारी परत आली. १९४४ मध्ये जे मिळवलं ते आपण वर्ग रद्द करून नाही, उशीर करून गमावतो. मागणी करायची असेल तर रक्कम वाढवा याच्याआधी ही करा, की पहिला हप्ता रोवणीच्या आत खात्यात पडला पाहिजे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. ऐकणाऱ्यांत शिक्षक असतील, गावातले शिकलेले लोक असतील. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, ही तीन कामं मे महिन्यातच करून घ्या. निकालाची वाट बघू नका. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात. आणि शेजारच्या मुलाचा अर्ज भरून देताना उपकार केल्यासारखं वागू नका. त्याचंच आहे, ते त्याला मिळवून देतोय, एवढंच.